फक्त शौकिनांनीच संपर्क साधावा

जुन्या फोर-बाय-फोर जीपची एक जाहिरात वाचली की पुढच्या शंभर वाचायची गरज उरत नाही. मजकूर साधारण असा असतो: ‘विकणे आहे. महिंद्रा एमएम ५४०, मॉडेल १९८९, ओरिजिनल फोर बाय फोर. डीआय टर्बो इंजिन, पॉवर स्टिअरिंग, ३३ इंची टायर, लिफ्ट किट, विंच, स्नॉर्कल, एलईडी बार, पुढे-मागे हेवी बंपर, इनोव्हाच्या सीट, टच स्क्रीन, कडक एसी. पाच लाख खर्च केला आहे. पेपर क्लिअर. एक रुपयाचं काम नाही. पार्किंगला जागा नसल्याने विकणे आहे. फक्त शौकिनांनीच संपर्क साधावा. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.’ यातला ‘ओरिजिनल’ हा शब्द आणि त्याच्यामागून येणारी यादी यांची एकमेकांशी ओळख नाही, हे एक वेळ सोडून देऊ. विचार करण्यासारखं आहे ते विक्रीचं कारण. जी गाडी डोंगर चढते, ओढे ओलांडते, चिखलात रुतली तर स्वतःला दोराने ओढून काढते, ती सोसायटीच्या आवारात बारा बाय सहा फूट सपाट फरशी मिळाली नाही म्हणून घराबाहेर पडते आहे. हे कारण कुणालाच पटत नाही, आणि तरी खोदून विचारतही कुणी नाही. माझं म्हणणं एवढंच, की विचारायची गरजच नसते. पार्किंगचं निमित्त खोटं असलं तरी जाहिरात खोटी नसते. विक्रीचं खरं कारण त्याच मजकुरात, ठसठशीत, एकाखाली एक दिलेलं असतं. फक्त ते गाडीची वैशिष्ट्यं म्हणून दिलेलं असतं. टायरपासून एसीपर्यंतची ती यादी म्हणजे गाडी का विकावी लागते आहे याचा मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब आहे.

हे पटण्यासाठी या गाडीच्या जन्माकडे जावं लागतं. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका छोट्या, चारही चाकांना ताकद मिळेल अशा गाडीची मागणी नोंदवली. नमुना ४९ दिवसांत हवा होता आणि वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ५९० किलोंच्या आत. बहुतेक कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही, यावरून त्यांना इंजिनीअरिंग कळत होतं हे सिद्ध होतं. बँटम नावाच्या, डबघाईला आलेल्या एका छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनीअरला बोलावून घेतलं. त्याने दोनेक दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी केली. वजन अर्थातच जास्त भरलं. लष्करानेही पुढे हट्ट सोडून मर्यादा २,१६० पौंडांवर, म्हणजे ९८० किलोंवर नेली. स्पर्धेत उतरलेल्या विलिस कंपनीची गाडी इंजिनाला दमदार होती, ६० हॉर्सपॉवरची, पण अंगाने जड होती. तेव्हा तिचा मुख्य इंजिनीअर बार्नी रूस याने अख्खी गाडी खोलली, एकेक भाग तपासला, बोल्टची गरजेपेक्षा जास्त असलेली टोकं कापली आणि रंगाचा एकच हात द्यायचा असं ठरवलं, कारण दुसऱ्या हातालाही वजन असतं, अशी कथा सांगतात. गाडी मर्यादेत बसली. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत ही जीप जाऊ शकली ती तिच्या अंगावर काय काय होतं यामुळे नाही. रुतली तर चार-सहा शिपायांना ढकलून काढता येत होती, बिघडली तर पान्याने उघडता येत होती आणि काहीच जमलं नाही तर सोडून देताना जीव तुटत नव्हता.

युद्ध संपल्यावर काही वर्षांतच हीच जीप मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली. जोडणारी कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा महिंद्रा अँड मोहम्मद होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि नावातली रिकामी जागा दुसऱ्या महिंद्रांनी भरली. म्हणजे या गाडीच्या इतिहासातला पहिला मोठा बदल तिच्या बोनेटवर नव्हे, कंपनीच्या पाटीवर झाला. पुढची चाळीसेक वर्षं ही गाडी सरकारी इंजिनीअरच्या, फॉरेस्टच्या, फौजदाराच्या आणि साखर कारखान्याच्या चेअरमनच्या बुडाखाली निमूट चालली. सीजे-३बीचं उंच कपाळ, मग एमएम ५४०चं प्यूजोच्या परवान्याचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन, असे तिच्यात बदल होत गेले. पण ते कारखान्याने केले आणि त्यामागे काहीतरी हिशेब होता. नंतर ती सरकारी लिलावात निघाली, गॅरेजमध्ये आली आणि तिथे बार्नी रूसच्या नेमकी उलटी प्रक्रिया सुरू झाली. रूसने बोल्टची टोकं कापली होती. आपल्याकडे पुढे जाड लोखंडी चॅनेलचा बंपर बसतो, जो वेल्डिंगवाल्याने उरलेल्या गेटच्या मालातून केलेला असावा अशी शंका येते. रूसने रंगाचा दुसरा हात वाचवला होता. आपल्याकडे पत्र्यावर आधी बोटभर पुटिंग, मग प्रायमर, मग मिलिटरी ग्रीन, त्यावर क्लिअर कोट आणि त्यावर पंजाचं, कवटीचं किंवा होकायंत्राचं स्टिकर. मग विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर आणखी एक स्पेअर चाक, कुदळ, फावडं आणि दोन जेरीकॅन. नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्याने कुणी केली त्याने जीप पाहिली नव्हती, पण बहुधा तिच्या मालकाला तो ओळखत असावा.

यादीतला सगळ्यात लाडका बदल म्हणजे ३३ इंची टायर. मूळ टायर साधारण २८-२९ इंच व्यासाचे, अरुंद आणि दिसायला अगदीच बापुडवाणे. मोठे टायर लावल्याबरोबर गाडी पेपरात फोटो येण्यालायक होते, यात वाद नाही. पण चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं, आणि हे स्पीडोमीटरला कुणी कळवलेलं नसतं. तो साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरीला टेकलेली असते. चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, म्हणजे लो गिअरने जो फायदा मिळायचा तो टायरने खाल्ला. चाक थांबवायलाही जास्त जोर लागतो, आणि तिथे १९८९चे ड्रम ब्रेक असतात, ज्यांनी ताशी पन्नासच्या वर कधी पाहिलेलं नसतं. क्राउन-पिनिअनचं गुणोत्तर बदललं तर यातलं बरंच सावरता येतं. पण ते गाडीच्या पोटात असतं आणि फोटोत येत नाही, म्हणून बदललं जात नाही. लिफ्ट किटचंही तेच. पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी चार इंच वर उचलली की खालचा प्रॉपेलर शाफ्ट नको त्या कोनात जातो, त्याचे सांधे लवकर झिजतात, आणि गाडीचा भार वर गेल्यामुळे ती वळणावर कलंडायला तयारच असते. अशा गाडीला घाटात सांभाळायचं म्हणजे तिशीच्या वर जायचं नाही. तिशीच्या वर न जाणारी, लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी आणि चढताना म्हाताऱ्या माणसांना स्टूल लागणारी गाडी कुटुंबात किती दिवस टिकेल, हा कुटुंबाचा प्रश्न आहे. पार्किंगला जागा नाही हे वाक्य साधारण याच सुमाराला तयार होतं.

स्नॉर्कलची कहाणी आणखी खोल आहे. इंजिनाला हवा लागते आणि पाण्यात उतरल्यावर एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर इंजिनाचा एका क्षणात निकाल लागतो, म्हणून हवेची नळी काचेच्या उंचीपर्यंत वर न्यायची, ही मूळ कल्पना. शास्त्र बिनचूक आहे. प्रश्न एवढाच, की नळीचं तोंड पाण्याबाहेर राहायला ज्या उंचीची सोय केली जाते त्या उंचीवर ड्रायव्हरचं नाक आधीच पाण्याखाली गेलेलं असतं. म्हणजे श्वासाची व्यवस्था आहे, ती फक्त इंजिनाची. शिवाय पुष्कळ गाड्यांत ही नळी बोनेटच्या कडेला रिव्हेटने ठोकलेली असते आणि फिल्टरपर्यंत पोचलेलीच नसते; तिच्यातून जाते ती फक्त बघणाऱ्याची नजर. विंचला दोर नसतो, किंवा दोर असतो पण तो खेचायला लागणारा करंट पुरवणारी बॅटरी नसते. एलईडी बार मात्र चालू असतो, नेहमीच चालू असतो, आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला काही वेळ आंधळा करून तो आपल्या शोधमोहिमेत सामील करून घेतो. यावर कुणी म्हणेल की ही टवाळी झाली, रात्री जंगलात उजेड लागतो. लागतो. पण अशा जाहिरातींबरोबरचे फोटो पाहावेत. गाडी उभी असते ती ब्लॉक बसवलेल्या आवारात, धुतलेली, टायरला पॉलिश मारलेली. चिखलातला फोटो टाकला तर किंमत पडते. ज्या कामासाठी गाडी सजवली ते काम तिने केल्याचा पुरावा किंमत कमी करतो, असा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

आणि आता तो दांडा, ज्याच्यासाठी हे सगळं आहे. जुन्या जीपमध्ये पुढच्या चाकांना ताकद द्यायची की नाही हे ठरवणारा वेगळा दांडा असतो. काही गाड्यांत हाय-लोचा आणखी एक. गिअरचा मुठीएवढा गोळा झिजून गुळगुळीत झालेला असतो, पण या दुसऱ्या दांड्यावरचा आकडा आणि खूण मात्र काल छापल्यासारखी. याला कारण आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळायचं नसतं. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या जुन्या पद्धतीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेला असल्याने तो फरक कुठेच जिरत नाही. सगळा ताण गिअरवर आणि सांध्यांवर येतो. म्हणजे ही सोय वापरायची तर वाळू, चिखल, ओला उतार, सैल दगड असं काहीतरी पाहिजे. शहरात राहणाऱ्या मालकाला ते वर्षातून फार तर एकदा मिळतं, तेही पावसाळ्यात, तेही तिथे पोचेपर्यंत रस्त्यातल्या टपरीवर वेळ गेला नाही तर. बाकीचे दिवस तो दांडा शोकेसमध्ये ठेवलेल्या बोन चायनाच्या कपबश्यांसारखा असतो: आहे हे सगळ्यांना माहीत हवं, वापरायचा मात्र नाही. जाहिरातीत तर हे उघडच लिहिलेलं असतं, ‘फोर बाय फोर आजपर्यंत एकदाही टाकलेलं नाही.’ आणि हे वाक्य वाचून घेणाऱ्याला आनंद होतो.

फोर-व्हीलशिवाय आपल्या मुलखात चालतच नाही, हा समज ज्याला असेल त्याने साताऱ्याचं, कोल्हापूरचं वडाप आठवावं. कित्येक वर्षं तिथल्या वाड्या-वस्त्यांवर माणसं, कोंबड्या, भाजीच्या पाट्या आणि वऱ्हाडं वाहून नेली ती ट्रॅक्स, कमांडरसारख्या गाड्यांनी, आणि त्यातल्या बहुतेकींना ताकद मागच्या दोनच चाकांना होती. आत बारा, मागे चार, टपावर दोन आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक, अशा भारात त्या पायरस्त्यावरून चढल्या. त्यांना लिफ्ट किट नव्हतं. उलट भाराने पाटे इतके बसलेले असायचे की गाडी मूळ उंचीपेक्षा बुटकी झालेली असायची. आता ज्यांना चारही चाकांची खरी गरज आहे त्यांच्याकडे जाऊ. गोव्यात कुळ्याहून दूधसागरच्या धबधब्याकडे जंगलातून, ओढ्यांच्या पाण्यातून पर्यटकांना नेणाऱ्या जीप आहेत. त्या मोसमभर दिवसाला कित्येकदा तेच पाणी, तेच दगड ओलांडतात. त्यांची सजावट म्हणजे डॅशबोर्डवर देव, आरशाला हार आणि धरायला दांड्या. तिकडे दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांगला त्याहून जुन्या गाड्या आहेत, १९४८ ते १९५८ या काळात बनलेल्या पहिल्या मालिकेच्या लँड रोव्हर. त्या ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत प्रवासी नेत आल्या. सत्तरीच्या घरातल्या, इंग्लंडमध्ये संग्रहालयात असाव्यात अशा या गाड्या तिथे मुक्कामाला नव्हे, ड्युटीला आहेत. यांतल्या कुणाच्याही अंगावर जाहिरातीतली यादी नाही. आणि गंमत पाहा, या गाड्या सहसा विकायलाही निघत नाहीत.

इथे जाणकार मला अडवतील, आणि त्यांची हरकत खरी आहे. मानेभंज्यांगच्या कित्येक लँड रोव्हरची मूळ पेट्रोल इंजिनं केव्हाच जाऊन त्या जागी डिझेल बसली आहेत. मग तो बदल नाही का? जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, मिस्त्री हयात असेलच असं नाही. अशा वेळी बोलेरोचं इंजिन किंवा दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग बसवलं तर त्यात दिखाऊपणा कुठे आला? कुठेच नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावणाऱ्याला तर मी नमस्कार करतो. तो स्वतःपुरता नव्हे, रस्त्यावरच्या सगळ्यांपुरता विचार करणारा माणूस आहे. पण या हरकतीने माझा मुद्दा कमी होत नाही, तो नेमका होतो. काही बदल मोडल्यामुळे होतात आणि काही खाजेमुळे. मोडल्यामुळे झालेला बदल गाडीला पुन्हा कामावर पाठवतो, म्हणून ती मालकाकडे राहते. खाजेमुळे झालेला बदल तिला कामावरून काढून टाकतो. आणि जाहिरातीत कोणते येतात ते पाहा. ‘ब्रेक चांगले लागतात’ असं लिहिलेली जाहिरात दिव्याने शोधावी लागेल. ‘वायरिंग नवीन केलं आहे’, ‘चासीस गंजलेली नाही’, ‘रेडिएटर गळत नाही’ ही वाक्यं ज्याला गाडी कळते त्याला कवितेसारखी वाटावीत, पण विकणाऱ्याला ती लिहावीशी वाटत नाहीत, कारण त्याने त्या गोष्टींवर खर्च केलेला नसतो. आडात असतं तेच पोहऱ्यात येतं.

दुसरी हरकत हौसेची. हौसेला मोल नाही, माणूस स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गाडीला शिंगं लावेल, तुमचं काय गेलं? काहीच नाही, हौस करणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हौस दुसऱ्याला विकता येते या समजुतीबद्दल. ‘पाच लाख खर्च केला आहे’ या वाक्याचा बाजारातला अर्थ एवढाच, की पाच लाख आता नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असेल तर विकताना कोंबडीचे पैसे मिळतात. मसाला ज्याच्या जिभेचा त्याच्यासाठी असतो. एकाला केशरी रंग आवडला म्हणून दुसऱ्याने त्याचे चाळीस हजार का द्यावेत? पण देतात, हेही खरं, कारण घेणारा गाडी घेतच नसतो. ‘आराधना’ (१९६९) या चित्रपटात राजेश खन्ना उघड्या जीपमधून दार्जिलिंगच्या आगगाडीशेजारून गात जातो, आणि त्यानंतर देशातल्या कित्येक तरुणांना जीप हवीशी झाली असणार. त्यात एक बारकावा सगळेच विसरतात. जीप चालवत होता सुजितकुमार. गाणं म्हणायला जीपमध्ये शेजारची सीट लागते. चालवणाऱ्याला स्टिअरिंगचा खेळ, क्लचचं वजन आणि पायाशी येणारी इंजिनाची ऊब सांभाळताना तोंड उघडायला फुरसत नसते. यादीतली इनोव्हाची सीट, टच स्क्रीन आणि कडक एसी ही सगळी त्या शेजारच्या माणसाची तयारी आहे. कापडी हूड लावलेल्या गाडीत कडक एसी म्हणजे तर तालुक्याची सार्वजनिक सेवा.

याच चालीवर जोंगाचं बोलायला हवं, कारण तिच्याशिवाय शौकिनांची यादी पुरी होत नाही. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसानच्या पेट्रोलवरून बेतलेली ही लष्करी गाडी १९९९पर्यंत बनली. पेट्रोल म्हणजे इथे निसानच्या ‘पेट्रोल’ या गाडीचं नाव. पण जोंगाच्या सहा सिलिंडरच्या, जवळजवळ चार लिटरच्या इंजिनाला ते इंधन म्हणूनही शोभतं. लिटरला चार-पाच किलोमीटर मिळतात असं तिचे भक्तच सांगतात, आणि भक्त देवाचं उणं सांगत नाहीत, तेव्हा हा आकडा उदार असावा. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये अशी एक जुनी लष्करी निसान घेतली आणि रांचीच्या रस्त्यांवर ती दिसली, तेव्हा देशभरच्या गोदामांतल्या जोंगांचे भाव त्यांच्या मालकांच्या मनात एका रात्रीत वर गेले. धोनीला ती परवडते यावरून ती आपल्यालाही परवडेल असं अनुमान काढणारे लोक हेलिकॉप्टर शॉटही मारायला जात असतील.

कायद्याचं मत मात्र माझ्यापेक्षाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या, म्हणजे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात तेच ठासून सांगितलं. रंग बदलणं, किरकोळ जोडणी, रीतसर परवानगीने इंजिन बदलणं याला वाट आहे. बाकीच्यासाठी त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द मनात ठेवून ती जाहिरात पुन्हा वाचावी. बिनपरवानगीचं इंजिन, लिफ्ट किट, ३३ इंची टायर, लोखंडी बंपर आणि एलईडी बार एवढेच धरले तरी २५,००० होतात, आणि आरोपीने आरोपपत्र स्वतः लिहून, खाली फोन नंबर देऊन, शौकिनांना पाठवलेलं असतं. यावर विकणारा म्हणतो, गाडी व्हिंटेज आहे साहेब. त्याचीही सोय २०२१च्या नियमांनी करून ठेवली आहे. व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात राखलेली. चासीस, बॉडी किंवा इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही. एखादी गाडी बसलीच तर २०,००० रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण मग गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं अशा कामांसाठीच बाहेर काढता येते. जोंगाच्या मालकाला यातली इंधन भरण्याची परवानगीसुद्धा पूर्णवेळ पुरेल. म्हणजे ‘मॉडिफाइड व्हिंटेज’ असं जे जाहिरातीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं ते कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. १९८९ची एमएम ५४० तर अजून पन्नाशीलाही आलेली नाही. तिला व्हिंटेज म्हणणं हा तिच्या वयाचाही अपमान आहे.

वयावरून एक राहिलं. ‘मॉडेल १९८९’ यातलं १९८९चं नक्की काय, हे विचारायला हरकत नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली नावाचं गाव अशा जीप जुळवून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे नवा पत्रा, नवी बॉडी, दुसरीकडचं इंजिन, तिसरीकडचा गिअरबॉक्स असं जमवून दाराशी गाडी उभी करून देतात, आणि कारागिरी बघण्यासारखी असते. त्यात १९८९चा असतो तो पुष्कळदा फक्त कागद. कागद १९८९चा आणि गाडी मागच्या दिवाळीची असेल, तर आपण घेतो आहोत ती गाडी कुठली, हे आरटीओच्या इन्स्पेक्टरने विचारण्याआधी स्वतःला विचारलेलं बरं.

तेव्हा घ्यायचीच असेल तर घ्या. जीपसारखी गाडी नाही, हे मीही मान्य करतो. फक्त जाहिरात खालून वर वाचा. जेवढी यादी लांब तेवढा भाव पाडून मागा, कारण त्यातलं निम्मं काढायचा खर्च तुम्हालाच येणार आहे. आरसी घेऊन गाडीखाली वाका आणि चासीस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. फोटो काढून पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. इंजिनाचा नंबर आणि इंधनाचा प्रकार आरसीवर चढला आहे का ते बघा. चुंबक घेऊन जा आणि पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुटिंग आहे. मग मोकळ्या मातीच्या मैदानात गाडी नेऊन तो दुसरा दांडा टाकायला सांगा, लो गिअरमध्ये शंभर पावलं चालवा आणि पुन्हा काढून दाखवायला सांगा. मालक हसून म्हणाला, ‘दादा, त्याला हात लावायची गरजच पडत नाही,’ तर चहा घ्या, आभार माना आणि एसटीने घरी या.